निष्प्रभ आणि प्रभावहीन

पांढुर्ण्यात एकाच पदाला दोन नावे चालतात. भोपाळच्या हिंदी पेपरात तो 'नेता प्रतिपक्ष' असतो आणि नागपूरच्या मराठी पेपरात 'विरोधी पक्षनेता'. चहाच्या टपरीवर दोन्ही पेपर एकाच बाकावर पडलेले असतात, पण वाद घालणाऱ्याच्या तोंडी तिसराच शब्द येतो, 'विपक्ष'. 1956 पर्यंत आमचा कारभार नागपूरहून चालायचा, मग राजधानी भोपाळला गेली. घरातली मराठी घरातच राहिली. पांढुर्णा आणि सौसरच्या माणसाला त्यामुळे राजकारणाचे शब्द दोन्हीकडून मिळतात, आणि कोणता शब्द उचलला त्यावर वादाची दिशा ठरते.

वाद अर्थातच काँग्रेसच्या कमलनाथांवरून. छिंदवाड्यातून नऊ वेळा लोकसभेवर गेलेला माणूस. डिसेंबर 2018 मध्ये मुख्यमंत्री झाले, मार्च 2020 मध्ये पायउतार झाले आणि त्यानंतर एप्रिल 2022 पर्यंत भोपाळच्या विधानसभेत नेता प्रतिपक्ष होते. त्या काळात, आणि नंतरही, इथे दोन तट होते. एक म्हणायचा, "साहेब कुठी दिसूनच नाही राहिले." दुसरा तावातावाने उत्तर द्यायचा, "दिसून नाही राहिले म्हणजे काम नाही करून राहिले काय? टीव्हीवाले दाखवतीन तवा दिसतीन नं!" हा संवाद मी इतक्यांदा, इतक्या तोंडून ऐकला आहे की त्यातल्या 'दिसणे' या क्रियापदाचा विचार केल्याशिवाय राहवले नाही.

कारण पेपरही तेच क्रियापद वापरतात, फक्त संस्कृतात. विरोधी नेत्यासाठी त्यांच्याकडे दोन विशेषणे तयार असतात, 'आक्रमक' आणि 'निष्प्रभ'. आक्रमक म्हणजे पाऊल पुढे टाकणारा, 'क्रम्' धातूपासून आलेला. निष्प्रभ म्हणजे ज्याची प्रभा गेली तो. आपण सहज म्हणून जातो की अमुक नेता निष्प्रभ ठरला, त्याचा काही प्रभाव पडला नाही. जणू दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. तसे ते नाहीत. 'प्रभा'चा धातू 'भा', म्हणजे चमकणे. भानू, आभा, प्रतिभा, प्रभात हे सगळे त्याच्याच गोतावळ्यातले. 'प्रभाव'चा धातू 'भू', म्हणजे होणे. भाव, संभव, उद्भव, प्रभू हे त्याचे सोयरे. प्रभा असलेला माणूस उजळून दिसतो. प्रभाव असलेल्या माणसामुळे काहीतरी घडून येते. सुरुवातीचा 'प्र' तेवढा दोघांना सारखा आहे, आणि त्या सारखेपणामुळे दोन निरनिराळे आरोप आपण एकाच वाक्यात करून मोकळे होतो.

निष्प्रभ असूनही प्रभावी असता येते, आणि लखलखीत प्रभा असूनही हातून काहीच घडत नाही असेही होते. यातल्या पहिल्याचे उदाहरण आमच्या दारातच आहे. 2018 मध्ये तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातही जागा काँग्रेसने जिंकल्या, त्यात पांढुर्णा आणि सौसर दोन्ही होत्या. मार्च 2020 नंतर हे सगळे आमदार विरोधी बाकांवर गेले. 24 ऑगस्ट 2023 रोजी, निवडणूक तोंडावर आलेली असताना, मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान सौसरजवळच्या जामसावळीला आले आणि पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा करून गेले. 5 ऑक्टोबरला जिल्हा झालाही. श्रेय कोणाचे यावर इथे अजून हमरीतुमरी होते. माझे मत स्पष्ट आहे. सरकारने जिल्हा दिला हे खरे, पण ज्या भागातल्या सगळ्या जागा समोरच्याकडे असतात, तिथे सरकारला काहीतरी घेऊन यावेच लागते. हा प्रतिपक्षाचा प्रभाव. त्या प्रतिपक्षाची प्रभा त्या दिवशी मंचावर कुठेही नव्हती. पुढे नोव्हेंबरच्या निवडणुकीत राज्यात काँग्रेस 230 पैकी 66 वर घसरली, तरी इथल्या सातही जागा तिच्याकडेच राहिल्या.

आता पदाच्या नावांकडे वळू. 'विरोध'मध्ये 'रुध्' धातू आहे, म्हणजे अडवणे. रोध, अवरोध, निरोध हे त्याचेच. विरोधी म्हणजे वाट अडवणारा. मराठीने हा शब्द पदाच्या नावात घातला आणि त्याबरोबर एक अपेक्षाही घातली: या माणसाने अडवावे, ओरडावे, सभात्याग करावा. त्यातून लिहिण्याची पद्धत अशी की 'विरोधी' सुटे आणि 'पक्षनेता' जोडून. मग विशेषण पक्षाला न लागता नेत्यालाच चिकटते. ज्या दिवशी तो शांतपणे आकडेवारी मांडतो, त्या दिवशी तो विरोधी वाटतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की विरोधक मवाळ झाले. इंग्रजांच्या सभागृहात 'महाराजांचा विरोधी पक्ष' हा शब्दप्रयोग 1826 मध्ये जॉन हॉबहाउस यांनी थट्टेत केला होता. पुढे तो गंभीरपणे रूढ झाला, आणि 1937 मध्ये तिथे विरोधी नेत्याला सरकारी पगार सुरू झाला. आपल्या संसदेने तसा कायदा 1977 मध्ये केला. उर्दूने याच पदासाठी निराळी वाट धरली. पाकिस्तानात त्याला 'क़ाइद-ए-हिज़्ब-ए-इख़्तिलाफ़' म्हणतात, म्हणजे मतभेद असलेल्या पक्षाचा पुढारी. तिथे अडवणूक नावात नाही, मतभेद आहे.

भोपाळचा 'प्रतिपक्ष' मला यापेक्षाही नेमका वाटतो. 'पक्ष' म्हणजे मुळात पंख, मग बाजू. प्राकृतात 'पक्ख' झाला आणि मराठीत 'पाख' होऊन राहिला. पितरपाख म्हणतो तो हाच पक्ष, आणि घराच्या छपराचे दोन पाखे तेही हेच. 'बाजू' हा फारसी शब्द, अर्थ दंड किंवा बाहू, आणि संस्कृत बाहूचा तो दूरचा भाऊ. फारसीने बाजू हातावरून घेतली आणि संस्कृताने पंखावरून, इतकाच फरक. आता 'प्रति'. आपण त्याचा अर्थ 'विरुद्ध' एवढाच धरतो, पण प्रतिबिंब विरुद्ध नसते, समोर असते. प्रतिनिधी विरुद्ध नसतो, बदली उभा असतो. मराठीत हाच 'प्रति' पुष्कळदा 'पड' होतो: पडछाया, पडसाद. 'प्रतिशब्द'चा पडसाद झाला, आणि 'सभागृहात पडसाद उमटले' हे वाक्य पेपरात अधिवेशनभर छापले जाते. प्रतिपक्ष म्हणजे समोरची बाजू, आणि गरज पडली तर जागा घेऊ शकेल अशी बाजू.

हा शब्द अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत आहे आणि तिथे त्याला मोठा मान आहे. चर्चेचे तिथे तीन प्रकार सांगितले आहेत. पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही मांडून, प्रमाणांच्या आधारे, सत्य शोधायला केलेली चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली तो जल्प. आणि समोरच्याचे नुसते खंडन करायचे, स्वतःची बाजू मात्र मांडायचीच नाही, ती वितंडा. मूळचा हा तिघांतला सर्वांत चांगला प्रकार, पण 'वाद' हा शब्द मराठीत आता भांडणाच्या अर्थाने उरला आहे, याची मला खंत वाटते. विरोधी नेत्याला मोजायचे तर ही मोजपट्टी घ्यावी. त्याने सरकारच्या विरोधात किती आवाज केला हे नंतर पाहावे, आधी पाहावे की स्वतःचा पक्ष मांडला का. नसेल मांडला, तर तो कितीही आक्रमक असो, ती वितंडाच.

आणि टपरीवरचा 'विपक्ष'? तोही तर्कशास्त्रातला जुना शब्द आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे विस्तव आहे, हे अनुमान पक्के करायचे तर दोन ठिकाणी पाहावे लागते. स्वयंपाकघरात धूर आहे आणि विस्तवही आहे, तो सपक्ष. तळ्यात विस्तव नाही, तर तिथे धूरही नसला पाहिजे, तो विपक्ष. विपक्षात तपासल्याशिवाय अनुमान ग्राह्य धरत नाहीत. सरकार म्हणते अमुक योजनेमुळे अमुक सुधारणा झाली. ती योजना जिथे पोचलीच नाही तिथे काय स्थिती आहे, हे कोणीतरी पाहून सांगायला हवे. आमची माणसे रोज 'विपक्ष' म्हणतात, तेव्हा नकळत या कामाचे नाव घेत असतात.

आता माध्यमे. 'माध्यम' 'मध्य'पासून, आणि 'मीडिया' ज्या लॅटिन शब्दापासून आला तोही त्याच जुन्या मुळाचा. आपले 'माजघर' या दोघांचे घरचे माणूस, कारण मध्यगृहाचेच माजघर झाले. ओसरीवरचे स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातले ओसरीवर जाते ते माजघरातून. माजघरानेच वाट धरून ठेवली तर रोध तिथे होतो. विरोधातला 'रुध्' धातू 'रुद्ध' या शब्दातही आहे, आणि कंठ रुद्ध झालेला माणूस बोलला तरी ऐकू येत नाही. पांढुर्ण्याला हा अनुभव नवा नाही. आमच्याकडे बाहेरचे कॅमेरे ठरून येतात ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमार या दगडफेकीच्या जत्रेसाठी. संत्र्याचा भाव पडतो तेव्हा ते नसतात.

कमलनाथांच्या बाबतीत माध्यमांचे वागणे दोन्ही तटांनी तपासून पाहावे असे आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये डबऱ्याच्या सभेत त्यांनी भाजपच्या उमेदवार इमरती देवींसाठी 'आयटम' शब्द वापरला. तो देशभर वाजला. निवडणूक आयोगाने त्यांचा स्टार प्रचारकाचा दर्जा काढला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. यात माध्यमांना दोष देता येत नाही. शब्द त्यांचा होता आणि वाईट होता. फेब्रुवारी 2024 ची गोष्ट वेगळी. ते भाजपमध्ये जाणार, ही बातमी वाहिन्यांनी दिवसेंदिवस चालवली. तसे काही असेल तर तुम्हालाच आधी सांगेन, असे ते पत्रकारांना म्हणाले, आणि गेले नाहीत. त्यांनीही तेव्हाच ठणकावून नाही म्हटले असते तर धूर इतका पसरला नसता. पण विस्तव न पाहता धूर दाखवत राहणे हे माजघराचे काम नव्हे. जूनमध्ये त्यांचे चिरंजीव नकुलनाथ लोकसभेला छिंदवाड्यातून 1 लाख 13 हजार मतांनी हरले. ते याच बातमीमुळे हरले असे मी म्हणणार नाही, पण इथल्या कार्यकर्त्याच्या मनात त्या दिवसांत जी चलबिचल होती ती मी पाहिली आहे.

त्यांच्यावरचा खरा आक्षेप दिसण्याचा नाहीच. ऑगस्ट 2020 ते एप्रिल 2022 ते प्रदेशाध्यक्षही होते आणि नेता प्रतिपक्षही. 'एक व्यक्ती, एक पद' ही मागणी त्यांच्याच पक्षात होती आणि ती रास्त होती. प्रतिपक्ष मांडायचा तो सभागृहात, आणि तो पूर्णवेळाचा उद्योग आहे. पुढे नेता प्रतिपक्ष म्हणून गोविंद सिंह आले, 2023 च्या निकालानंतर उमंग सिंघार आले.

नागपूरच्या पेपरात जे वाचतो ते तर याहून बोचणारे आहे. महाराष्ट्रात राधाकृष्ण विखे पाटील विरोधी पक्षनेते होते, जून 2019 मध्ये त्याच सरकारात मंत्री झाले. अजित पवार विरोधी पक्षनेते होते, 2 जुलै 2023 रोजी उपमुख्यमंत्री झाले. प्रभा दोघांचीही कमी नव्हती. 2024 च्या निवडणुकीनंतर विरोधातल्या एकाही पक्षाला दहा टक्के, म्हणजे 29 जागा मिळाल्या नाहीत आणि विधानसभेतले ते पद रिकामे राहिले. दहा टक्क्यांचा हा दंडक लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातला. भोपाळमध्ये निदान खुर्चीवर माणूस आहे.

पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही जागांवर 2023 मध्ये निवडून आलेले आमदार प्रतिपक्षाचे आहेत. ते टीव्हीवर दिसतात की नाही यावर टपरीवर पुष्कळ बोलून झाले. विधानसभेत आमदारांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे मध्यप्रदेश विधानसभेच्या संकेतस्थळावर असतात. पुढचे अधिवेशन संपले की आपल्या दोघांची नावे तिथे शोधा, काय विचारले ते वाचा, आणि मग ठरवा त्यांना निष्प्रभ म्हणायचे की प्रभावहीन.