अल्लादियाखाँची न निघालेली तबकडी

गाण्याच्या शौकिनांत एक जुना वाद आहे. ज्या गवयाला आपण समोर बसून ऐकले नाही, ज्याचा आवाज आपल्या कानी केवळ तबकडीतूनच आला, त्याच्याविषयी बरेवाईट मत देण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो काय? मैफिलींत मुरलेले श्रोते ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. आणि ज्यांच्या घरी तबकड्यांनी भरलेले कपाट आहे ते अर्थातच ‘होय’ म्हणतात. कोल्हापुरात या वादाला जी धार आहे ती अन्यत्र क्वचितच असेल. कारण या शहराने ज्या गायकीला सत्तावीस वर्षे पोसले, तिच्या मूळ पुरुषाची एकही तबकडी मागे उरलेली नाही.

अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, राजपुतान्यातील उणियारा संस्थानातला. ऐन तारुण्यात गाण्याच्या अतिश्रमाने त्यांचा आवाज बसला आणि तो परतला तेव्हा पूर्वीचे मार्दव त्यात राहिले नव्हते. दुसरा एखादा गवई असता तर त्याने तंबोरा खुंटीला लावला असता. खाँसाहेबांनी आवाजाच्या गोडव्यावरची भिस्त सोडली आणि वक्र, पेचदार तानांची, लयीला घट्ट धरून चालणारी अशी गायकी रचली की ऐकणाऱ्याला डोके जाग्यावर ठेवूनच बसावे लागे. १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आणले. महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. त्यानंतर खाँसाहेब मुंबईस गेले व तेथेच १६ मार्च १९४६ रोजी त्यांचे देहावसान झाले. मधल्या काळात त्यांचे गाणे कोल्हापुरास नित्याचे होते. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबासारखी संस्था गावात असल्यावर श्रोताही घडत जावयाचाच. अनवट राग व जोडराग यांची येथे जी आवड रुजली, तिचे श्रेय गवयाइतकेच त्या श्रोत्यांकडेही जाते, असे माझे मत आहे.

आता तबकडीकडे वळू. ११ नोव्हेंबर १९०२ रोजी कलकत्त्यास फ्रेड गैसबर्ग या साहेबाने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या दिवसापासून खाँसाहेबांच्या मृत्यूपर्यंत त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ गेला, म्हणजे संधीची वाण खचित नव्हती. त्यांचे शागीर्द भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचीही तबकडी नाही. याची कारणे अनेकजण अनेक प्रकारे सांगतात. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न निराळाच आहे: ती तबकडी निघती तर तीत काय उतरले असते?

थोडा हिशेब करून पाहू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. या घराण्याच्या बेताच्या विलंबित लयीत त्रितालाचे सोळा मात्रांचे एक आवर्तन पंधरा सेकंदांचे धरले, तर सव्वातीन मिनिटांत तेरा आवर्तने होतात. मैफिलीत एक राग तासभर चालला तर तीच संख्या दोनशे चाळीसवर जाते. ज्या गायकीचे सारे सामर्थ्य आवर्तनामागून आवर्तन रचीत जाण्यात आहे, समेवर येण्याची वाट दर वेळी नवी शोधण्यात आहे, तिला तेरा आवर्तनांत बसविणे म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा तेवढा दाखवून पाहुण्याला परत पाठविणे होय.

येथे मिरजेचे उदाहरण घ्यावेसे वाटते. कोल्हापूरपासून तीस मैलांवर अब्दुल करीमखाँसाहेब राहत. त्यांचे काही गाणे १९०५ च्या सुमारासच मुद्रित झाले होते, आणि १९३७ साली ते वारले त्यापूर्वीच्या अखेरच्या तीन-चार वर्षांत ओडियन कंपनीने त्यांच्या ज्या तबकड्या काढल्या त्या घरोघर पोहोचल्या. त्यांचा तो बारीक, टोकदार, तंबोऱ्यात विरघळणारा सूर यंत्राने जसाच्या तसा उचलला. त्यांची झिंझोटीतील ठुमरी ऐकताना काही उणे राहिले असे वाटतच नाही. तीन मिनिटांत ती पुरी होते. दोघांत थोर कोण, हा पोरकट प्रश्न मी विचारीत नाही. परंतु यंत्राला एक गायकी मानवली आणि दुसरी मानवली नाही, एवढे उघड आहे. आणि पुढील दोन पिढ्यांची लोकप्रियता पुष्कळ अंशी यंत्राच्या या आवडीनिवडीवर ठरली.

खाँसाहेबांच्या शिष्यपरिवारात तबकडीवर हुकमत गाजविली ती सूरश्री केसरबाई केरकरांनी. मूळच्या त्या गोव्याच्या; लहानपणी काही महिने कोल्हापुरात राहून अब्दुल करीमखाँकडेच त्यांनी पहिले धडे घेतले होते. १९२१ पासून अल्लादियाखाँची तालीम सुरू झाली ती खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत चालली. त्यांच्या ललित, नटकामोद, मालकंस, गौडमल्हार या ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना मी निराळे काय सांगावे? पहिल्याच आकाराला आवाजाचा जो भरीव घोट निघतो त्याने खोली भरून जाते. केसरबाईंनी यंत्राच्या मर्यादेपुढे हात टेकले नाहीत. तेरा आवर्तनांत राग मांडण्याची खटपट न करता त्या रागाचा एक निवडक कोपरा घेतात आणि तो लखलखीत उजळतात. म्हणून या तबकड्या अपुऱ्या असूनही खोट्या नाहीत. त्यांचा एकच दोष मला जाणवतो: तानांचा भाग त्यांत प्रमाणाबाहेर पुढे येतो, आणि केवळ तबकड्या ऐकणारा श्रोता केसरबाईंना तानबाज समजून बसतो. मैफिलीत झालेली त्यांची जी थोडी मुद्रणे आज उपलब्ध आहेत ती ऐकली म्हणजे आलापीतील त्यांचा धीर काय होता ते कळते.

जाता जाता एक गंमत. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली, त्यांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. निवड करणाऱ्यांचे कौतुक आहेच, पण भैरवीने आपल्याकडे मैफल संपते! परलोकीच्या त्या श्रोत्यांना आरंभच ऐकावयास मिळणार नाही. निवड माझ्याकडे असती तर मी ललितच धाडला असता.

मोगूबाई कुर्डीकरांविषयी तबकडीवाले फारसे बोलत नाहीत, कारण त्यांची मुद्रणे थोडी. हा त्यांच्यावर अन्याय आहे. केसरबाईंचा दरारा त्यांच्यात नाही. पण लयीच्या पोटात शिरून बोल अचूक वजनाने ठेवण्याची त्यांची जी हातोटी, ती मला खाँसाहेबांच्या बुद्धीच्या अधिक जवळची वाटते. ती गायकी त्यांनी आपल्या कन्येला, किशोरी आमोणकरांना दिली, आणि किशोरीताईंनी तिला आपल्या स्वभावाप्रमाणे निराळे वळण लाविले, हे सर्वश्रुतच आहे.

धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सुरांची गोष्ट उलटी. तबकड्यांनी त्यांचे नाव आधीच झाले होते. तरीही ते खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडे नव्याने शिकावयास बसले. तयार गवयाने मिळालेली कीर्ती बाजूला ठेवून पुन्हा विद्यार्थी व्हावे, ही गोष्ट सोपी नव्हे. १९३७ साली मंजीखाँ अकाली गेले, तेव्हा मन्सुरांनी त्यांचे धाकटे बंधू भूर्जीखाँ यांची तालीम घेतली. मन्सुरांची खरी ध्वनिमुद्रणे उतारवयातली, दीर्घवादी तबकड्या आल्यानंतरची. यंत्र सुधारले आणि गवई पिकला, हे दोन योग त्यांच्याबाबतीत एकत्र आले.

पण कोल्हापुरापुरते बोलावयाचे तर या परंपरेतील सर्वांत मोलाची व्यक्ती मला भूर्जीखाँच वाटतात. वडील मुंबईस गेल्यानंतरही ते कोल्हापुरास धरून राहिले आणि शिकवीत राहिले. १९५० साली ते वारले. त्यांच्या पश्चात जे उरले ते शिष्यांच्या गळ्यांत. कोल्हापुरातच १९२७ साली जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकल्या आणि पुढे, कोणाला सहसा न शिकविणाऱ्या केसरबाईंनी त्यांना शिष्या म्हणून पत्करले. खाँसाहेबांच्या मुलाची तालीम आणि त्यांच्या सर्वांत तेजस्वी शिष्येची तालीम अशा रीतीने एकाच गळ्यात आली. २०१४ साली धोंडूताई गेल्या. हा मेळ कोणत्याही तबकडी कारखान्याला साधला नसता.

गोविंदराव टेंब्यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय सोडणे बरे नव्हे. ‘प्रभात’ने १९३२ साली कोल्हापुरात काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राच्या भूमिकेत त्यांचा आवाज ऐकावयास मिळतो. पण गोविंदरावांनी खाँसाहेबांविषयी जे लिहून ठेवले ते मला त्या बोलपटाहून अधिक मोलाचे वाटते. यंत्राने जे टिपले नाही ते एका जाणत्या श्रोत्याने शब्दांत टिपले. आणि सुरांविषयी मराठीत इतके नेमके लिहिणारे त्यांच्यानंतर थोडेच झाले.

तेव्हा आरंभीच्या वादाला माझे उत्तर असे. एकाच शिष्याच्या तबकडीवरून गुरूची परीक्षा करू नये. परंतु दोन भिन्न प्रकृतीचे शिष्य तोच राग गात असतील तर दोघांत जे समान आढळेल ते पुष्कळ अंशी गुरूचे, आणि जे भिन्न असेल ते ज्याचे त्याचे, असे धरून चालता येते. ज्यांना प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनी ललितागौरी घ्यावी. हा संधिप्रकाशातला राग आहे, म्हणून दिवेलागणीच्या सुमारास बसावे. केसरबाईंची मुद्रिका आधी लावावी, मन्सुरांची मागाहून. आवाजाकडे लक्ष देऊ नये. ललित सोडून गौरीत शिरण्याची जागा दोघे कोठे धरतात आणि समेवर कोणत्या बाजूने उतरतात, तेवढेच ऐकावे. पहिल्या खेपेस हाती लागले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा लावावे.