फुटबॉल सामने : उभे प्रेक्षक, बसलेले प्रेक्षक आणि परस्परांचा विचार

फुटबॉलचा सामना उभे राहून पाहावा की बसून, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक आवडीचा वाटतो. प्रत्यक्षात एक प्रेक्षक उभा राहिला, की मागच्याला मैदान दिसेनासे होते आणि त्यालाही उठावे लागते. ही साखळी रांगेमागून रांगेत पसरत जाते. ज्याला उभे राहणे शक्य नाही, असा वृद्ध, लहान मूल किंवा अपंग प्रेक्षक मात्र तिकिटाचे पूर्ण मूल्य देऊनही सामन्याला मुकतो. इंग्लंडमध्ये या प्रश्नावर सर्वमान्य ठरेल असा मार्ग काढण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात इंग्लंडमधील सामान्य प्रेक्षक पायऱ्यांच्या, आसनविरहित सज्जांत उभे राहूनच सामने पाहत असत. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफ. ए. चषकाच्या उपान्त्य सामन्यात अशाच एका सज्जात चेंगराचेंगरी झाली. या दुर्घटनेतील मृतांची संख्या ९७ आहे. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मधील अंतिम अहवालात सर्व प्रेक्षकांसाठी आसने असावीत, अशी शिफारस केली. वरच्या दोन श्रेणींतील क्लबांना त्यासाठी ऑगस्ट १९९४ पर्यंतची मुदत देण्यात आली.

दुर्घटनेचा दोष प्रारंभी प्रेक्षकांवर ढकलण्यात आला होता. २०१६ मध्ये मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीतील ज्यूरीने मात्र प्रेक्षकांना निर्दोष ठरवले आणि पोलिसांच्या व्यवस्थापनातील गंभीर त्रुटींवर बोट ठेवले.

आसने आली, सवय राहिली

आसने बसवल्यानंतरही गोलपोस्टमागील सज्जांत आणि पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी राखून ठेवलेल्या भागांत हजारो प्रेक्षक खुर्चीपुढे उभेच राहत. त्यांच्या दृष्टीने गाणी, घोषणा आणि एकजूट यांना उभे राहण्यावाचून अर्थ नव्हता. नियम मोडला जात असला, तरी इतक्या लोकांना बळाने खाली बसवणे सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यात धोकाही होता. खुर्चीची पाठ जेमतेम गुडघ्याच्या उंचीची असते. गोल झाल्यावर उसळलेला प्रेक्षक तिच्यावरून पुढच्या रांगेत कोसळू शकतो.

दृष्टिरेषेचे गणित

सज्जाची रचना करताना मागच्या प्रेक्षकाची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यांपासून किती उंचीवरून जाते, याचा हिशेब केला जातो. हे अंतर साधारणतः ९० मिलिमीटर असल्यास दृश्य चांगले मानले जाते. दोघेही बसलेले किंवा दोघेही उभे असतील, तरच हा हिशेब जुळतो. पुढचा उभा आणि मागचा बसलेला असेल, तर तो पार कोलमडतो. म्हणूनच व्हीलचेअरवरील प्रेक्षकांची जागा पुढील उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून मैदान दिसेल इतकी उंच असणे आवश्यक ठरते.

जर्मनीचा अनुभव आणि नवी परवानगी

जर्मनीने उभे राहण्याची परंपरा मोडीत काढली नाही. डॉर्टमुंड येथील प्रसिद्ध दक्षिण सज्जात देशांतर्गत सामन्यांच्या वेळी सुमारे २५ हजार प्रेक्षक उभे राहतात. तेथील अनेक मैदानांवर कठडा जोडलेली, दुमडणारी आसने वापरली जातात. स्कॉटलंडमध्ये सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये अशीच व्यवस्था केली.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून निवडक मैदानांवर प्रयोग करण्यात आला आणि २०२२-२३ च्या हंगामापासून पात्र क्लबांना परवानगी मिळू लागली. तिच्या अटी लक्षणीय आहेत. प्रत्येक प्रेक्षकामागे एक आसन आणि एकच जागा असावी. आसन कुलूपबंद नसावे, म्हणजे त्या भागातही ज्याला बसावयाचे असेल त्याला बसता यावे. प्रत्येक रांगेसमोर कठडा असावा. अपंग प्रेक्षकांसह इतर भागांतील कोणाच्याही दृश्यास किंवा सुरक्षिततेस बाधा येऊ नये. थोडक्यात, उभे राहण्याची मुभा इतरांच्या सोयीशी जोडण्यात आली.

भारतातील स्थिती

भारतातही इंडियन सुपर लीगच्या काळात संघटित समर्थक गट वाढले. बंगळुरूचा ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ आणि केरळचा ‘मंजप्पडा’ हे गट आसने असलेल्या सज्जांतही उभे राहून गाणी व घोषणांनी संघाला साथ देण्यासाठी ओळखले जातात. त्याच मैदानांवर मुलाबाळांसह येणारी कुटुंबे आणि ज्येष्ठ नागरिकही असतात. या दोहोंची गरज भिन्न असली, तरी खेळावरील प्रेम सारखेच असते.

समन्वयाची सूत्रे

विदेशी अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. उभे राहणाऱ्यांसाठी भाग निश्चित असावा आणि तिकीट घेतानाच त्याची कल्पना प्रेक्षकास मिळावी. बसण्याच्या भागात गोलच्या क्षणी सर्वच उठतात, त्यास कोणाची हरकत नसते. जल्लोष ओसरल्यावर पुन्हा बसणे हे सौजन्य होय. मागे वृद्ध किंवा लहान मूल असल्यास जागा बदलून देण्यास फारसे कष्ट पडत नाहीत. मात्र केवळ सौजन्यावर विसंबून भागत नाही. सज्जाची उंची, कठडे आणि जागांचे वाटप योग्य असेल, तर एकाच्या आनंदासाठी दुसऱ्याला सामना गमवावा लागत नाही. ज्याला उभे राहताच येत नाही त्याला खेळ दिसतो की नाही, हीच कोणत्याही प्रेक्षागाराची खरी कसोटी आहे.