कीचकवध आणि गुप्तहेर

फौजदारी कोर्टात मारामारीच्या साक्षी ऐकून एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आहे : खऱ्या झटापटीत जागा अपुरी असते आणि दम लवकर सरतो. १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या जेम्स बाँडच्या दुसऱ्या चित्रपटात आगगाडीच्या अरुंद डब्यात शॉन कॉनेरी व रॉबर्ट शॉ एकमेकांस भिडतात. ते पटते याचमुळे. पार्श्वसंगीत नाही, ऐकू येते ती गाडीची धडधड. २००६ च्या ‘कसिनो रॉयल’मध्येही जिन्यातील झुंजीनंतर नायक आरशासमोर रक्त धूत उभा राहतो.

परंतु आम्हां अनगोळकरांना इतके दूर जावयास नको. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. भीम बाळासाहेब यादव, कीचक झुंजारराव पवार. मूकपटच तो, धापदेखील ऐकू येणार नाही; सारी भिस्त अंगाच्या झोंबीवर. (पकडीत भार खोटा आणता येत नाही, हे तालमीतले पोरही सांगेल.) तो वध इतका खरा उतरला की सेन्सॉरने ते दृश्य कापावयास लावले. आता तर तो चित्रपटच उपलब्ध नाही. उरली आहे ती केवळ ऐकीव साक्ष, जिच्यावर एरवी मी कोर्टात हरकत घेतली असती.