पंतोजीचा पाठक्रम आणि शाळकरी कागद

पाठांची आंखणी करणें व प्रत्येक टप्प्याचें साध्य ठरविणें हा विचार आपल्याकडे सरकारी शिक्षणखात्याबरोबर, म्हणजे १८५५ नंतर, आला, अशी समजूत रूढ आहे. जुन्या पंतोजीच्या शाळेंतील क्रम पाहिला असतां ती टिकत नाहीं.

त्या शाळेंत मुलगा धूळपाटीवर प्रथम मुळाक्षरें व अंक गिरवी. मग बाराखड्या, जोडाक्षरें, पाढे. पुढें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी. शेवटीं मोडीचा कित्ता, पत्रांचे मायने व जमाखर्च. रुपयाचे सोळा आणे व मणाचे चाळीस शेर मोजणाऱ्या व्यवहारांत पाव व औट यांचे पाढे मुखोद्गत असल्यावांचून बाजारांत किंवा चावडींत निभाव लागत नसे. मागील पायरी पक्की झाल्याखेरीज पुढली मिळत नसे, आणि सायंकाळचा परवचा हीच नित्याची परीक्षा. लेखनकलेंत अधिक पुढें जाणाऱ्यास हेमाद्रीच्या नांवावर चालत आलेलीं मेस्तकें होतीं. आंखणी कागदावर नव्हती, तरी साध्य निश्चित होतें.

मात्र तें साध्य दप्तर व दुकान यांपुरतेंच होतें. शेतकऱ्याचा मुलगा त्यांत क्वचितच धरला जाई. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत खेड्यांतील शाळांसाठीं मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचें सामान्य ज्ञान, शेतीचीं मूलतत्त्वें, नीति व आरोग्य हे विषय मागितले. मोडी व हिशेब त्यांनीं राखले. शिकणारा कोण, हें मात्र बदललें.

१८२४ च्या मार्चमध्यें मुंबई सरकारनें जिल्ह्यांजिल्ह्यांतून देशी शाळांची माहिती मागविली. त्या चौकशीचे कागद रा. वि. परुळेकर यांनीं संपादून छापले आहेत. त्यांवरून शाळांची व मुलांची संख्या कळते. पण एखाद्या गांवचा मुलगा कोणत्या पायरीपर्यंत पोंचे, हें कळण्यास त्याच्या हातचा कागदच पाहिजे.

असे कागद ओळखणें कठीण नाहीं. वर एक ओळ सराईत हाताची, खालीं तीच ओळ अनेक वेळां कांपऱ्या हातानें, पाढ्यांची पुनरुक्ति, अपुरें सोडलेलें पत्र. येथें एक सावधगिरी हवी. कित्त्यासाठीं जुना दस्त पुढें ठेवला असेल तर त्यांतील शक व मिति नकलेंतही उतरते. अशी नक्कल अस्सल म्हणून धरली, किंवा उलट बनावट म्हणून टाकली, तर दोन्ही निर्णय चुकतात. शिक्का, हस्ताक्षर व कागदाची मागील बाजू पाहूनच निर्णय करावा.

दप्तर लावतांना सनदा, महजर व निवाडे प्रथम वेगळे निघतात. शाळकरी कागद बहुधा रद्दींत जातो. मुळशी तालुक्यांतील माण (साताऱ्याकडील माण तालुका नव्हे) ह्या गांवाच्या हद्दींत हिंजवडीचें माहिती-तंत्रज्ञान उद्यान पसरलें आहे. जेथें शेतांच्या जागीं इमारती उठतात, तेथें जुनीं घरें उतरतात आणि माळ्यावरील रुमालही हलतात. तेव्हां संग्राहकांनीं असा कागद निरर्थक म्हणून टाकूं नये. ज्या रुमालांत मिळाला त्याच रुमालांत, गांव व घराणें नोंदवून, राखावा. तो कागद गेला तर त्या गांवच्या शाळेचा इतिहास केवळ संख्येपुरता उरेल.