खाते पान ते ऑनलाइन डेटाबेस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दुकानदाराच्या वहीचा इतिहास लिहायला सहसा कुणी बसत नाही. राजांच्या दफ्तरांवर ग्रंथ निघतात. पण ऑर्डर कुणाची, माल कधी गेला, पैसे आले की नाही, हे सांगणाऱ्या कागदाकडे आपण इतिहास म्हणून पाहत नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मात्र हा कागद इतक्या झपाट्याने बदलला, की उमेदवारीत लाल कापडी बांधणीची वही भरणारा माणूस निवृत्त होताना ऑनलाइन डेटाबेसमध्ये नोंदी करत होता. हिशेब तपासण्याच्या निमित्ताने माझं लहान कारखान्यांत जाणं-येणं राहिलं, त्यामुळे यातलं बरंचसं मी जवळून पाहिलं.

सुरुवात वहीपासूनच करू. जुन्या पद्धतीत दोन वह्या असत. रोजचे व्यवहार तारखेप्रमाणे लिहायचे ती कीर्द, आणि तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावावर उतरवायचे ती खतावणी. कीर्दीत एक अरुंद रकाना असे, त्यावर ‘खा. पा.’ अशी अक्षरं. खा. पा. म्हणजे खाते पान. हा व्यवहार खतावणीच्या कितव्या पानावर गेला, तो आकडा तिथे घालायचा. वाणिज्य शाखेच्या मुलांना हा रकाना निव्वळ कटकट वाटतो, पण सगळी शिस्त त्यातच आहे. गिऱ्हाईक म्हणजे खतावणीतलं एक पान, आणि त्याचा प्रत्येक व्यवहार त्या पानाकडे बोट दाखवणार. माणूस एक, पान एक.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी शिकत होता. फळ्यावर मांडलेल्या कोष्टकातला एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम संगणकाने आपोआप का करू नये, असं त्याच्या मनात आलं. बॉब फ्रँकस्टन या मित्राने प्रोग्राम लिहिला आणि १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आलं. ६३ स्तंभ, २५४ ओळी. आजच्या मानाने पाटीएवढं. पण ‘भाव दोन टक्क्यांनी वाढला तर काय’ या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांदेखत मिळू लागलं.

म्हणजे स्प्रेडशीट जन्मली ती आकडेमोडीसाठी. याद्या ठेवण्यासाठी नव्हे. पण १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आलं, आणि त्याच्या नावातला एक म्हणजे आकडेमोड, दोन म्हणजे आलेख आणि तीन म्हणजे चक्क डेटाबेस. माझ्या मते माशी शिंकली ती इथेच. पुढे मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलने बाजार जिंकला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एक्सेलवर काम करणाऱ्या जोएल स्पोल्स्की यांनी लिहून ठेवलं आहे, की त्यांची मंडळी ग्राहकांकडे जाऊन बसली तेव्हा आकडेमोड करताना जवळजवळ कुणी दिसलंच नाही. लोक रकाने आखून याद्या करत होते.

आपल्याकडे वेगळं काय होतं? जमाखर्च पुढे टॅलीत गेला. १९८६ पासूनचं हे भारतीय सॉफ्टवेअर, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तर त्याच्याशिवाय अनेकांचं पान हलेना. पण टॅलीत बसतो तो पैशाचा व्यवहार. कुणी नमुना मागितला, कोणतं जॉब बाहेर मशीनिंगला गेलं, कुणाची तक्रार आली, हे सारं राहिलं एक्सेलमध्ये. एका कारखान्यात मी ‘ऑर्डर फायनल’, ‘ऑर्डर फायनल टू’ आणि ‘ऑर्डर फायनल टू नवीन’ अशा तीन फायली पाहिल्या. एकच गिऱ्हाईक तीन फायलींत तीन स्पेलिंगांनी नांदत होतं. फोन नंबरांच्या सुरुवातीची शून्यं गायब, कारण एक्सेलला तो आकडा वाटतो आणि आकड्याच्या आधीचं शून्य त्याच्या लेखी निरुपयोगी. खरी फाइल कोणती, असं विचारल्यावर मालकांनी कारकुनाकडे पाहिलं आणि कारकुनाने भिंतीकडे.

यावर हसण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये २०२०च्या शरद ऋतूत कोरोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर नोंदलेच गेले नाहीत. कारण, माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलीतून जात होती, आणि त्या फायलीत ६५,५३६ ओळींपलीकडे काही मावत नाही. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तितके दिवस लांबला. सरकारी यंत्रणेची ही गत, तर वीस माणसांच्या कारखान्याला काय नावं ठेवायची?

गंमत अशी की यावरचा तोडगा व्हिसिकॅल्कच्याही नऊ वर्षं आधी निघाला होता. आयबीएममधल्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर: गिऱ्हाइकांचं कोष्टक वेगळं, ऑर्डरींचं वेगळं, आणि ऑर्डरीत गिऱ्हाइकाचं नाव-गाव पुन्हा लिहायचं नाही, फक्त त्याचा क्रमांक घालायचा. ‘खा. पा.’ ओळखीचं वाटतंय ना? कॉडने ते गणिताच्या पायावर उभं केलं, हे त्याचं मोठेपण.

ही कल्पना छोट्या संगणकावर आली डीबेस आणि फॉक्सप्रोच्या रूपाने. आपल्या तालुक्याच्या गावांतल्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर ही नावं वर्षानुवर्षं होती. त्या क्लासमधून बाहेर पडलेल्या मुलांनी कारखान्यांना, पतसंस्थांना प्रोग्राम लिहून दिले. चांगले दिले. पण एक रकाना वाढवायचा तरी त्यालाच बोलवावं लागे, आणि तो तोवर पुण्याला, नाहीतर परदेशी गेलेला. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रो १९९२ मध्ये विकत घेतलं आणि पुढे त्याची वाढच थांबवली. म्हणून मला वाटतं, लोक एक्सेलला चिकटून राहिले ते अडाणीपणाने नव्हे. तिथे रकाना वाढवायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

नव्या ऑनलाइन डेटाबेसचं मर्म हेच, की कॉडची शिस्त ठेवून एक्सेलचं हे स्वातंत्र्य द्यायचं. दिसायला कोष्टकच, पण फोनच्या रकान्यात फोनच बसतो, गिऱ्हाईक यादीतूनच निवडावं लागतं, आणि रकाना वाढवायला प्रोग्रामर लागत नाही. २००० सालच्या सुमारास अमेरिकेत क्विकबेस आलं. चेन्नईच्या ॲडव्हेंटनेट कंपनीने, म्हणजे आजच्या झोहोने, २००६ मध्ये झोहो क्रिएटर आणलं. सॅन फ्रान्सिस्कोची एअरटेबल ही कंपनी २०१२ची. ज्या कारखान्याचं मघाशी सांगितलं, तिथे बाहेर गेलेल्या जॉबचा रकाना कारकुनानेच एका दुपारी तयार केला, आणि स्टोअरमधला मुलगा मोबाइलवरून ‘माल परत आला’ अशी खूण करू लागला. तीन फायलींची एक व्हायला मात्र दोन महिने लागले. त्यातला बहुतेक वेळ स्पेलिंगं जुळवण्यात गेला.

आता दुसरी बाजू. वही तिजोरीत असे आणि किल्ली मालकाच्या कमरेला. एक्सेलची फाइल निदान आपल्या टेबलावरच्या यंत्रात होती. ऑनलाइन डेटाबेस दुसऱ्याच्या घरी राहतो. कॅनडातल्या व्हँकुव्हरची डॅबल डीबी ही या क्षेत्रातली फार हुशार मंडळी होती. २०१० मध्ये ट्विटरने ती कंपनी घेतली आणि २०११ मध्ये सेवा बंद झाली. मायक्रोसॉफ्टने ॲक्सेसची ऑनलाइन ॲप्स २०१८ मध्ये बंद केली. माहिती बाहेर काढता येते, हे खरं. पण बाहेर येतात ती सुटी कोष्टकं. अर्ज, आपोआप जाणारे निरोप, कुणी काय पाहायचं याचे नियम, हे मागेच राहतं. म्हणजे खतावणीची पानं हाती आली, पण शिवण उसवून. माझ्या ओळखीचे एक मालक म्हणूनच दर शनिवारी सगळी कोष्टकं पेनड्राइव्हवर उतरवून घेतात आणि तो तिजोरीत ठेवतात. मला हा शहाणपणा वाटतो.

शिवाय भाडं बहुधा माणशी आणि दरमहा. वीस जणांचं भाडं कोण भरणार? म्हणून अनेक ठिकाणी एकच पासवर्ड सगळे वापरतात. नोंद कुणी बदलली हे दाखवण्याची उत्तम सोय त्यात असते. पण त्या रकान्यात वर्षभर एकच नाव दिसतं, मालकाचं.