कर्करोगावरील औषध देणारा नरक्या आणि बेंगळुरूतील संशोधन

सह्याद्रीच्या सदाहरित वनांत आढळणाऱ्या एका लहानशा वृक्षाला त्याच्या दुर्गंधीमुळे 'नरक्या' हे नाव पडले. कॅम्प्टोथेसिन या कर्करोगविरोधी अल्कलॉइडचा तो महत्त्वाचा नैसर्गिक स्रोत आहे. हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले. यांतील वाणी मूळचे नंदुरबारचे, ही बाब महाराष्ट्रातही फारशी कोणाला ठाऊक नाही.

पेशीचे विभाजन होताना डीएनएच्या साखळीला पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापून पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन नेमके या जोडणीच्या वेळी पाचरीसारखे अडकून बसते. कापलेला धागा तसाच राहतो, डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा तेथे येऊन थडकते आणि साखळी पूर्ण तुटून पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागत असल्याने त्यांना हा फटका अधिक बसतो. मात्र अस्थिमज्जा आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही त्यातून सुटत नाहीत. विषारीपणामुळेच मूळ द्रव्याच्या रुग्णांवरील चाचण्या १९७० च्या दशकात थांबवाव्या लागल्या. पुढे त्यात रासायनिक बदल करून तयार झालेल्या टोपोटेकान आणि आयरिनोटेकान या औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या, तर दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिले जाते.

औषधाला मागणी वाढली तशी नरक्यावर कुऱ्हाड चालली. महाराष्ट्रातील घाटांतूनही त्याच्या लाकडाची चोरटी वाहतूक झाली. बेंगळुरू येथील कृषी विज्ञान विद्यापीठातील आर. उमा शांकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच पर्यायी स्रोतांचा शोध घेतला. पश्चिम घाटातील 'मिकेलिया डेंटाटा' या वेलीच्या फळांत व बियांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असल्याचे त्यांना आढळले. फळे तोडली तरी वेल जगते, हा त्यातला मोठा लाभ.

वनस्पतीच्या ऊतींत राहणाऱ्या काही बुरशीही हे द्रव्य तयार करतात. तसे असेल तर झाडाला हात न लावता टाकीत औषध पिकवता येईल, अशी आशा निर्माण झाली. परंतु नरक्यातील बुरशी प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवली असता प्रत्येक पिढीगणिक कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण घटत जाते, असे याच गटाने २०१० मध्ये दाखवून दिले. झाडाबाहेर ही क्षमता टिकवणे हीच या मार्गातील मुख्य अडचण ठरली आहे.