थोड्या पैशात टँगो

पगारातून पहिली टँगोची सीडी घेतली आणि फसलो. 'सर्वोत्तम' म्हणून सगळ्या काळांची खिचडी! मग जरा इतिहास वाचला. ब्युनोस आयर्समध्ये साधारण १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ. नाचायला एकाच वाद्यवृंदाची, एकाच काळातली तीन-चार गाणी सलग लावतात; त्याला 'तांदा' म्हणतात. मग खरेदीही तशीच करायला हवी, नाही का? दारिएन्सो १९३७ च्या आसपासचा, त्रोइलो १९४१ चा, शिवाय दि सार्ली आणि पुग्लिएसे. चार सीडींत पाया तयार!

आणि हो, त्या काळची कित्येक मूळ मास्टर्स नष्ट झाली. आज आपण ऐकतो ते बरंचसं कुणीतरी घरात जपलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं. त्यांनी जपलंच नसतं, तर खिशात पैसे असून तरी काय घेणार होतो?